काउंटरवरचं आपलं पोरगं

जुलैमध्ये प्रवेश आटोपले की पहिल्या वर्षाची मुलं ग्रंथालयात यायला लागतात. दारातल्या रजिस्टरवर सही करतात, बॅग रॅकमध्ये ठेवतात, कपाटांमधून एक फेरी मारतात आणि बाहेर पडतात. राधानगरीकडून पहाटेची एसटी धरून आलेला मुलगा असतो, शिकायला म्हणून मावशीकडं राहिलेली चंदगडची मुलगी असते. मी काउंटरमागून विचारते, "काय पाहिजे, बाळ?" उत्तर ठरलेलं. "काही नाही मॅडम, बघत होतो."

तोच मुलगा चार पावलं पुढं जातो. तिथं आमचं कमवा आणि शिका योजनेतलं एखादं पोरगं ट्रॉलीवरची पुस्तकं जागेवर लावत असतं. त्याला हा हळूच विचारतो, "भावा, हितं पुस्तक घ्यायचं कसं असतंय?"

मी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. माझं स्वतःचं शिक्षणही याच योजनेवर झालं. ग्रंथालयात विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना वाट दाखवावी आणि त्या कामाला खरं काम म्हणून मान मिळावा, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठीच हे लिहितेय.

आधी त्या घुटमळण्याबद्दल. त्याला बुजरेपणा म्हणून सोडून देणं सोपं आहे. कॉन्स्टन्स मेलन नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी तसं सोडलं नाही. तिकडच्या दक्षिण भागातल्या एका विद्यापीठात त्यांनी मुलांकडून ग्रंथालयाच्या अनुभवाबद्दल रोजनिशीसारखं लिहून घेतलं आणि १९८६ साली निष्कर्ष मांडले. ७५ ते ८५ टक्के मुलांनी ग्रंथालयाबद्दलची पहिली भावना भीतीच्याच भाषेत सांगितली होती. एवढी मोठी इमारत, कुठं काय आहे कळत नाही, सुरुवात कुठून करायची कळत नाही. पण मला सगळ्यात खरं वाटलं ते पुढचं. प्रत्येक मुलाला वाटत होतं की बाकीच्यांना हे सगळं येतं, फक्त मलाच येत नाही, आणि विचारायला गेलो तर ते उघडं पडेल. म्हणून कुणीच विचारत नव्हतं.

हे वाचलं तेव्हा मला आमच्याच दारातली मुलं दिसली. फरक इतकाच की आमच्याकडं त्यात इंग्रजीची भर पडते. ओपॅक म्हणजे कॉम्प्युटरवरची आमची ग्रंथसूची. तिच्यात मराठी पुस्तकांची नावं बरीच वर्षं इंग्रजी अक्षरांत भरली गेली. कुणी 'पूर' लिहिताना यू घातला, कुणी डबल ओ. मुलगा एक स्पेलिंग टाकतो, पडद्यावर शून्य येतं, आणि या विषयावर पुस्तकच नाही असं समजून तो निघून जातो. पुस्तक दहा फुटांवर उभं असतं.

कमवा आणि शिका ही काही आमच्याकडं बाहेरून आलेली गोष्ट नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांचा जन्म १८८७ चा, हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजचा. शिकायला ते कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहिले. शाहू महाराजांच्या काळात, १९०१ साली निघालेल्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून या शहरात जी वसतिगृहं उभी राहिली, त्यांत खेड्यातलं पोरगं शहरात टिकलं ते नुसत्या दोन वेळच्या जेवणावर टिकलं नाही. वर्षा-दोन वर्षांनी मोठा असलेला मुलगा त्याला सांगायचा, कुठल्या मास्तरांकडं जायचं, पुस्तक कुणाकडं मिळतं, फॉर्म कसा भरायचा. भाऊरावांनी पुढं १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं आणि १९४७ च्या छत्रपती शिवाजी कॉलेजमध्ये श्रमाला शिक्षणाची फी मानलं. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं, आणि आज विद्यापीठात आणि आसपासच्या कितीतरी महाविद्यालयांत ही योजना चालते. मुलं बागेत काम करतात, कार्यालयात करतात, ग्रंथालयात करतात.

तिकडं अमेरिकेत १९६४ च्या कायद्यानं विद्यार्थ्यांना कामाच्या बदल्यात पैसे देणारी वर्क-स्टडी योजना आली, आणि विद्यापीठांची ग्रंथालयं अशा मुलांच्या हातांवर चालू लागली. बराच काळ ही मुलंही पुस्तकं लावणं, शिक्के मारणं एवढंच करत होती. मग काही ठिकाणी ग्रंथपालांनी त्यांना रीतसर शिकवून संदर्भसेवेच्या, म्हणजे वाचकाला हवी ती माहिती शोधायला मदत करायच्या, टेबलावर बसवलं. कॅलिफोर्नियातल्या सॅन लुइस ओबिस्पो इथल्या कॅल पॉली विद्यापीठात पदवीच्या मुलांनी हे काम केलं, वर्गावर जाऊन ग्रंथालयाची ओळखही करून दिली. तिथले ग्रंथपाल ब्रेट बोडेमर यांनी २०१४ साली त्यावर लेख लिहिला. मुलं हे करू शकतात आणि त्यांनी ते करायलाच हवं, असं त्यांनी शीर्षकातच ठासून सांगितलं. माझंही मत तेच आहे. ते मी आमच्या काउंटरवर बसून बनवलंय.

आता आमच्या काउंटरवर आलेल्या पुराच्या एका प्रश्नाबद्दल सांगते.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या मुलांना फील्ड प्रोजेक्ट आला. त्यामुळं पूर्वी फक्त एम.ए.ची मुलं घेऊन यायची तसले प्रश्न आता बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची मुलं घेऊन येतात. एका दुपारी अशीच एक मुलगी आली. काउंटरवर आमचा इतिहास विभागाचा एम.ए.चा मुलगा होता. मी मागच्या टेबलावर नवीन पुस्तकांचे दाखल क्रमांक तपासत होते, ऐकू सगळं येत होतं.

"पुरावर पुस्तक पाहिजे होतं."

"कुठलं गाव तुझं?"

"चिखली."

"प्रयाग चिखली? मग पूर म्हंजे काय ते मी तुला काय सांगणार!" दोघंही हसली. "सरांनी काय करून आणाय सांगितलंय?"

"महापुराचे परिणाम."

"कशावरचे परिणाम?"

ती गप्प झाली. हातातल्या कागदाची घडी घातली, परत उघडली. मग म्हणाली, "आमच्या दोन म्हशी गेल्या एकोणीसला. भरपाई कुणाला मिळाली, कुणाला नाही. ते लिहिलं तर चालंल का, असं विचारायचं होतं."

म्हणजे तिला पुस्तक नको होतं. तिला परवानगी हवी होती. तिच्या घरात, गोठ्यात जे घडलं ते अभ्यासाचा विषय होऊ शकतं, हे कुणीतरी तिला सांगायला हवं होतं. माझ्यासमोर ती 'महापुराचे परिणाम' इथंच थांबली असती, कारण ते शब्द वर्गातले, मोठ्यांना चालणारे. रॉबर्ट टेलर नावाच्या अभ्यासकानं १९६८ साली हेच उलगडून दाखवलं होतं. माणसाच्या पोटात एक अस्पष्ट गरज असते, ती मनात आकार घेते, मग शब्दांत बसते, आणि काउंटरवर येईपर्यंत ती ग्रंथालयाला काय झेपेल याच्या अंदाजानं कापून-छाटून लहान झालेली असते. आपल्या कानांवर पडतो तो हा छाटलेला प्रश्न. मागं मागं जात मूळ गरजेपर्यंत पोचायचं, हीच संदर्भसेवा. त्या पोरानं टेलर वाचलेला नव्हता. त्यानं फक्त गाव विचारलं.

मग तो तिला घेऊन कपाटांकडं गेला. विषयाप्रमाणे आकडे देऊन पुस्तकं लावायची पद्धत म्हणजे ड्युईचं दशांश वर्गीकरण. त्यात पूर एका जागी राहत नाही. पाणी का चढतं, नदी कशी वागते हे ५५१.४८९ मध्ये, बंधारे आणि पूरनियंत्रण ६२७.४ मध्ये, आणि आपत्ती, मदत, पुनर्वसन ३६३.३४९३ मध्ये. तीन वेगवेगळी कपाटं, मध्ये बरंच अंतर. पुस्तकं लावून लावून त्याला हे पाठ झालं होतं. त्यानं तिला तिसऱ्या कपाटाशी उभं केलं आणि सांगितलं, तुझं काम हितनं सुरू होतंय. पुढं तो तिला १९६० चं कोल्हापूर जिल्ह्याचं गॅझेटिअर दाखवायला घेऊन गेला, नदीकाठच्या गावांचं जुनं वर्णन मिळावं म्हणून. नंतर ऑगस्ट २०१९ च्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे काढले. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज छापून यायची ती ओळ त्यानं बोटानं दाखवली. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, आणि त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं. "ह्या आकड्यांचा तक्ता कर," म्हणाला, "आणि तुमच्या गल्लीत पाणी कुठल्या दिवशी आलं ते आजीला विचारून शेजारी लिही."

आजीला विचारून शेजारी लिही! संशोधनपद्धतीच्या पुस्तकात ज्याला पानंच्या पानं लागतात ते त्यानं एका वाक्यात सांगितलं.

त्यानंतर त्यानं केलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तो तिला माझ्याकडं घेऊन आला. "मॅडम, भरपाईचे शासन निर्णय पाहिजेत हिला, ते मला नीट येत नाही." मग मी तिला शासनाच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारीख टाकून निर्णय कसे शोधायचे ते दाखवलं. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीचा अहवाल सांगितला. पंचनाम्यांची यादी हवी असेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली तहसील कार्यालयात अर्ज करता येतो हेही सांगितलं. आता ती घाबरत नव्हती. टेबलावर वाकून माझ्याशी भांडल्यासारखं विचारत होती, पंचनामा तलाठी करतो की ग्रामसेवक, आणि दोघांच्या नोंदीत फरक पडला तर खरं कुणाचं. माझ्यापर्यंत ती मोकळी होऊन आली, कारण वाटेत तिच्या वयाचं कुणीतरी भेटलं होतं.

तालमीतही असंच चालतं. वस्ताद कट्ट्यावर बसलेले असतात, शब्द त्यांचाच चालतो, पण नवीन पोराला लंगोट कसा बांधायचा, माती अंगाला कशी लावायची, पडताना मान कशी सांभाळायची हे दोन वर्षांपूर्वी आलेला जोडीदार शिकवतो. वस्तादांना ते विचारायची त्याची छातीच होत नाही.

कुणी म्हणेल, मग ग्रंथपालाचं काय काम? काम वाढतं. कारण पोराला नुसतं काउंटरवर बसवून भागत नाही. आमच्याकडं पहिला पंधरवडा ही मुलं फक्त पुस्तकं लावतात आणि बघतात. मग शिकवणं सुरू होतं. पहिला नियम असा की दुसऱ्यासाठी माउसला हात लावायचा नाही. विचारणाऱ्यानंच खुर्चीत बसायचं, त्यानंच टाइप करायचं, आपण शेजारी उभं राहून सांगायचं. हा नियम पाळायला सगळ्यात जड जातो. हुशार पोराला वाटतं, मी झटकन काढून देतो. झटकन काढून दिलेलं पुढच्या वेळी समोरच्याला येत नाही. दुसरं, 'मला माहीत नाही, पण आपण मॅडमना विचारू' हे वाक्य न लाजता म्हणता आलं पाहिजे. मी ते मोठ्यानं म्हणून घेते, कारण खेड्यातून आलेल्या मुलांना वर्षानुवर्षं हेच शिकवलेलं असतं की माहीत नाही म्हणणं म्हणजे नापास होणं. 'ग्रंथालयात बघ की' असं दुसऱ्याला सांगून वाटेला लावायचं नाही, उठून त्याच्याबरोबर कपाटापर्यंत चालत जायचं.

प्रोजेक्ट लिहून द्यायचा नाही, हेही स्पष्ट सांगावं लागतं. मित्र गळ घालतात. शोधगंगावर देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध खुले आहेत, फार मोठा खजिना आहे, पण तिथून पानं उचलायचा मोहही तितकाच मोठा. म्हणून काउंटरवरची मुलं प्रबंध दाखवताना आधी शेवटची संदर्भसूची उघडून दाखवतात. या माणसानं कुठं कुठं जाऊन माहिती आणली ते बघ, असं सांगतात. हे मी शिकवलेलं नाही. आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं ही पद्धत पाडली आणि ती पुढच्यांनी उचलली.

कधी कधी आमच्या भिंतींच्या बाहेरही पाठवावं लागतं. जुनी मराठी पुस्तकं, शंभर वर्षांपूर्वीची नियतकालिकं यांसाठी करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० सालापासूनचं. विद्यापीठात बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांच्या नावाचं ग्रंथालय आहे. आमच्या काउंटरवरच्या मुलांना मी या ठिकाणी घेऊन जाते. स्वतः ती पायरी चढलेल्या मुलाला दुसऱ्याला तिकडं पाठवताना धीर देता येतो.

या सगळ्याला एक दुसरी बाजू आहे आणि ती दडवून चालणार नाही. ज्या ओळखीमुळं प्रश्न मोकळा होतो, त्याच ओळखीमुळं तो बंदही होतो. कोल्हापूर जिल्ह्यात कोण कुणाचा पै-पाव्हणा निघेल सांगता येत नाही. एका मुलीला १९५४ चा विशेष विवाह कायदा वाचायचा होता. त्यातली तीस दिवसांच्या नोटिशीची तरतूद नेमकी काय आहे, ती नोटीस कुठं लागते, हे तिला समजून घ्यायचं होतं. काउंटरवर तिच्या शेजारच्या गावचा मुलगा होता. ती परत गेली आणि संध्याकाळी मी एकटी असताना आली. आजारपण, मन खचणं, घरातली मारहाण, जात ओलांडून जुळलेलं प्रेम, असले प्रश्न ओळखीच्या माणसाला विचारता येत नाहीत. तिथं अनोळखी, वयस्क, चष्म्यातली मॅडमच बरी वाटते.

त्यामुळं दोन्ही दारं उघडी ठेवावी लागतात. आणि ज्यांना काउंटरवर बसवतो त्यांच्याकडून पहिल्याच दिवशी एक गोष्ट कबूल करून घ्यावी लागते. कोण काय वाचतं, कुणी काय विचारलं, हे या खोलीच्या बाहेर न्यायचं नाही. मेसमध्ये नाही, गाडीवर चहा पिताना नाही, गावाकडं तर नाहीच. आमच्याकडं प्रश्नांची वही आहे. तिच्यात विचारणाऱ्याचं नाव लिहीत नाही. आधी विचारलेला प्रश्न, मग निघालेला खरा प्रश्न, आणि कुठं मिळालं किंवा नाही मिळालं. 'नाही मिळालं' हा रकाना पुस्तक खरेदीच्या वेळी मी समितीपुढं ठेवते. ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शाळेबद्दल, गुऱ्हाळांच्या अर्थकारणाबद्दल, चपलांच्या कारागिरांबद्दल आमच्याकडं आज जे काही आहे, त्यातलं बरंचसं या रकान्यातून आलंय.

सॅम्युअल ग्रीन या अमेरिकन ग्रंथपालानं १८७६ साली फिलाडेल्फियाच्या ग्रंथपाल परिषदेत सांगितलं होतं की वाचकाला आपुलकीनं ऐकणारं कुणीतरी जवळ आहे असं वाटलं, तरच तो विचारतो, मग प्रश्न कितीही किरकोळ असो. ड्युईचं वर्गीकरणही त्याच वर्षी छापून आलं. दीडशे वर्षं आम्ही वर्गांक चिकाटीनं लावत आलो. ग्रीनचं काम मात्र ज्याच्या त्याच्या स्वभावावर सोडून दिलं. आपल्याकडचे ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत वाचकाचा वेळ वाचवा असं लिहिलं, ते सूत्र आमच्याकडच्या बहुतेक ग्रंथालयांच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेलं असतं. घुटमळण्यात वाया गेलेला वेळ कुणी मोजत नाही.

आणि या मुलांचं कामही कुणी नीट मोजत नाही. एका ठिकाणी मी पाहिलंय, कमवा आणि शिकाच्या मुलांना ग्रंथालयात घेतलं होतं आणि वर्षभर त्यांच्या हातात फडकं आणि शिक्क्याचं पॅड याखेरीज काही दिलं नाही. मानधन तीन-तीन महिने थकलं होतं. मुलगा एसटीच्या पासासाठी मित्राकडून उसने घेत होता. फडकं मारण्यात कमीपणा नाही, मी स्वतः मारलंय, आणि पुस्तकं लावल्याशिवाय कपाटं अंगात मुरत नाहीत. मराठी साहित्याच्या ८९१.४६ मध्ये कुठलं पुस्तक कायम चुकीच्या जागी जाऊन बसतं हे माझ्यापेक्षा या मुलांना जास्त ठाऊक असतं. पण तीन वर्षं एवढंच करून घ्यायचं आणि शेवटी 'अमुक विद्यार्थ्याने ग्रंथालयात काम केले' असं एका ओळीचं प्रमाणपत्र द्यायचं, हे मला पटत नाही. ज्या मुलानं शेकडो प्रश्न ऐकले, त्यातले निम्मे उलगडले, उरलेले योग्य माणसाकडं पोचवले, त्याच्या प्रमाणपत्रावर हे काम तपशिलानं लिहिलेलं असावं. मानधन महिन्याच्या महिन्याला हातात पडावं. परीक्षेच्या आठवड्यात त्याला सुट्टी असावी, कारण आधी तो विद्यार्थी आहे. हे मागायला मी प्राचार्यांकडं गेले, त्यांनी ऐकलं, प्रमाणपत्राचा मजकूर बदलला. मानधनाचा विषय वरच्या पातळीवर आहे, तो मी सोडणार नाही.

अभ्यासिकेत बसणारी स्पर्धा परीक्षेची मुलं अजून काउंटरकडं फारशी फिरकत नाहीत. ती स्वतःची पुस्तकं आणतात, सकाळी जागा धरतात, रात्री उठतात. त्यांच्यापर्यंत कसं पोचायचं यावर आमच्या मुलांचं म्हणणं आहे की एक टेबल अभ्यासिकेच्या आतच टाकूया, संध्याकाळी सहा ते आठ, आणि तिथं आयोगाच्या परीक्षेत दोनदा बसलेला आमचाच एखादा विद्यार्थी बसवूया. शिपाईमामांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या खोलीतलं टेबल दाखवलंय, पाय डुगडुगतो, पण दुरुस्त होईल म्हणाले.

यंदाच्या निवडीच्या अर्जात मी एक रकाना वाढवलाय. नाव, वर्ग, घरचं उत्पन्न, वसतिगृह की येऊन-जाऊन, हे नेहमीचं आहेच. त्याखाली विचारलंय, 'तुम्हाला हवी असलेली पण शोधूनही न मिळालेली एक माहिती लिहा, आणि ती कुणाला विचारली होती तेही लिहा.' अर्ज काउंटरवरच मिळतील. भरताना अडलं तर तिथं बसलेल्या दादाला किंवा ताईला विचारावं.